प्रिंटर सगळ्यांचा, परवानगी कोणाची?

कार्यालयात नवा माणूस रुजू झाला की कपाटाची किल्ली त्याला सही घेऊन दिली जाते, हजेरीसाठी बोटाचा ठसा नोंदवला जातो, ईमेलला पासवर्ड मिळतो. प्रिंटर मात्र कोणीतरी येता-जाता त्याच्या कॉम्प्युटरवर ‘टाकून’ देतं. रंगीत प्रिंट त्याला काढता यावी का, लेखा विभागातल्या मशीनवर त्याने काम पाठवलेलं चालेल का, साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर त्याच्या यादीत दिसायचं काही कारण आहे का, हे प्रश्न त्या दिवशी कोणाला पडत नाहीत. पडतात ते टोनरचं बिल आल्यावर, किंवा पगारपत्रक भलत्याच टेबलावर सापडल्यावर. तोवर प्रत्येकाला सगळीकडे छापायची सवय लागलेली असते, आणि मग घातलेलं कोणतंही बंधन लोकांना संशय घेतल्यासारखं वाटतं.

सामायिक प्रिंटर कोणी वापरावा, कोणी नाही, हे ठरवणं आणि ठरवलेलं अमलात आणणं हा या पुस्तकाचा विषय. वरवर पाहता दोन-चार क्लिकचं काम. पण त्यात तीन वेगळे अधिकार एकमेकांत गुंतलेले असतात. रांगेत काम टाकण्याचा अधिकार, छापून आलेला कागद उचलण्याचा अधिकार, आणि दुसऱ्याचं काम थांबवण्याचा किंवा प्रिंटरची व्यवस्थाच बदलण्याचा अधिकार. नवशिके पहिल्याचाच विचार करतात. आणि या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक प्रश्न असतो: छापायला सांगणारा जे नाव सांगतोय ते त्याचंच आहे, हे प्रिंटरला कसं कळावं? या क्षेत्राचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाशी केलेल्या झटापटीचा आहे.

सुरुवातीला ही झटापट नव्हती, कारण प्रिंटरपर्यंत कोणी पोचूच शकत नव्हतं. आयबीएमचा १४०३ हा लाइन प्रिंटर १९५९ साली आला. मिनिटाला सहाशे ओळी छापणारं हे धूड मशीन रूममध्ये असे आणि त्याच्याशी संबंध फक्त ऑपरेटरचा. तुमचं काम तो घेई, छापलेला गठ्ठा नाव पाहून खिडकीतून देई. प्रत्येक कामाच्या पुढे मोठ्या अक्षरांत मालकाचं नाव छापलेलं एक पान येई, ते ऑपरेटरच्याच सोयीसाठी. ओळख पटवणं, काम स्वीकारणं आणि कागद योग्य हाती देणं ही तिन्ही कामं एकच माणूस करत होता. पुढची साठ वर्षं त्या माणसाची कामं यंत्रांमध्ये वाटून देण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल. वाटणी नीट झाली नाही, म्हणून हे पुस्तक लिहावं लागलं.

ऑपरेटर हटला तो लेझर प्रिंटरमुळे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी तो घडवला आणि तिथल्याच इथरनेटवर तो अनेक कॉम्प्युटरांना एकत्र वापरता येऊ लागला. १९८४ साली एचपीचा लेझरजेट ३,४९५ डॉलरला बाजारात आला. पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर ६,९९५ डॉलरला. एवढ्या किमतीचं यंत्र एका टेबलासाठी घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून लेझररायटर पहिल्यापासून नेटवर्कवर वाटून घेण्यासाठीच बनवलेला होता. यादीत नाव दिसलं की छापा, एवढा सरळ हिशेब. परवानगीचा प्रश्न तिथून मोकाट सुटला.

कुलूपच नको असं मानणारा एक पक्षही तेव्हा होता, आणि त्याचा उल्लेख इथे करायलाच हवा. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत कॉम्प्युटरला पासवर्ड नसत, आणि ते मुद्दाम. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय केली होती की कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांना निरोप जाई. १९८०च्या सुमारास झेरॉक्सकडून आलेल्या नव्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड त्यांना मिळाला नाही आणि तीच सोय पुन्हा करता आली नाही. या चिडीचा वाटा त्यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागे होता, हे त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जन्मकथेत सामायिक प्रिंटर असावा ही गंमत आहेच. पण त्यात एक शहाणपणही आहे. एकमेकांना ओळखणाऱ्या लहान गटात कुलपापेक्षा निरोप जास्त उपयोगी पडतो. पाच माणसांच्या कार्यालयाला या पुस्तकातलं बरंचसं लागणार नाही, आणि त्यांनी ते ओढूनताणून लावूही नये.

मोठ्या गटांसाठी मात्र दोन वेगळे पंथ तयार झाले आणि दोन्ही युनिक्सच्या घरात. बर्कलीच्या युनिक्समधल्या एलपीडी या छपाई व्यवस्थेने विश्वास ठेवला यंत्रावर. कोणत्या कॉम्प्युटरांकडून काम घ्यायचं त्यांची नावं एका फाइलमध्ये लिहायची, बस. शिवाय काम पाठवणाऱ्या यंत्राने ७२१ ते ७३१ यांपैकीच पोर्ट वापरावा असा दंडक होता. युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त मुख्य ॲडमिनला उघडता येतात. तेव्हा पलीकडे कोणीतरी जबाबदार ॲडमिन बसलेला आहे असं गृहीत धरता येई. हा प्रोटोकॉल ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ म्हणून लिहून निघाला. पण तोवर टेबलाटेबलावर पीसी आले होते आणि पीसीवर प्रत्येक जण स्वतःचा ॲडमिन होता. ज्या गृहीतकावर सगळा डोलारा उभा होता तेच निघून गेलं, दंडक मात्र कागदावर राहिला.

दुसरा पंथ एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हचा. त्यात प्रत्येक प्रिंटरला माणसांच्या नावांची परवानगीची यादी किंवा मनाईची यादी जोडता येई. एवढंच नाही, तर आधीच छापून आलेल्या कोऱ्या फॉर्मांनाही वेगळी यादी लावता येई: चेकची स्टेशनरी प्रिंटरला चढवली असेल तर त्यावर ठरलेल्याच माणसांनी छापावं. ही सूक्ष्मता पुढच्या अनेक व्यवस्था विसरल्या. आजचे कितीतरी प्रिंटर ‘कोण’ एवढंच विचारतात. ‘कशावर’ हे विचारत नाहीत.

१९९९ मध्ये मायकेल स्वीट यांची कप्स ही छपाई व्यवस्था आली आणि आयपीपी हा नवा प्रोटोकॉलही त्याच सुमारास लिहून निघाला. २००२ पासून ॲपलच्या मॅकमध्ये, आणि आज बहुतेक लिनक्समध्येही, छपाई कप्समधून चालते. परवानगी आणि मनाईच्या याद्या तिने सिस्टिम फाइव्हसारख्याच ठेवल्या, गटांची नावंही त्यात घालता येतात. इथेच नवशिका फसतो. आयपीपीच्या प्रत्येक विनंतीत मागणाऱ्याचं नाव लिहायला एक जागा असते, आणि ती जागा पाठवणाराच भरतो. प्रिंटरच्या यादीत फक्त ‘प्राचार्य’ असेल, तर स्वतःच्या लॅपटॉपवर ‘प्राचार्य’ नावाचं खातं काढणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्रिंटर आनंदाने कागद देतो. सर्व्हरने पासवर्ड किंवा तत्सम पुरावा मागायचा असं वेगळं ठरवून दिल्याशिवाय ती यादी म्हणजे नुसती विनंती असते. पुरावा मागण्याची चांगली पद्धत निघाली ती एमआयटीच्याच दुसऱ्या टोकाला, १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात. तिथली कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची व्यवस्था विंडोज २००० पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या पोटात आली आणि आज हजारो कार्यालयं नकळत ती वापरतात.

आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जवळचा पंथ मायक्रोसॉफ्टचा. नॉव्हेलच्या नेटवेअरने रांगेचे वापरकर्ते आणि रांगेचे चालक असा भेद आधीच केला होता. १९९३ च्या विंडोज एनटीपासून तो भेद विंडोजमध्ये आला आणि पुढे प्रत्येक प्रिंटरच्या सिक्युरिटी टॅबवर दिसू लागला. छापणं, कागदपत्रांची व्यवस्था पाहणं, प्रिंटरच चालवणं असे तीन अधिकार आणि प्रत्येकापुढे परवानगी व मनाईचे चौकोन. एकाच यंत्राला दोन नावांनी दोन रांगा द्यायच्या आणि त्यांना वेगळे अधिकार, वेगळं प्राधान्य, वेगळी वेळ लावायची, ही या पंथाची सर्वांत उपयोगी युक्ती. तिच्यासाठी या पुस्तकात भरपूर जागा दिली आहे, कारण नवीन खर्च न करता निम्म्या कार्यालयांचं काम तेवढ्यावर भागतं.

पण याच टॅबवर सुरुवातीपासून ‘एव्हरीवन’ बसलेला असतो. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालच्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात माहितीच्या संरक्षणाची तत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं की मुळात मनाई असावी आणि परवानगी ज्याची त्याला द्यावी. प्रिंटरच्या बाबतीत उद्योगाने नेमकं उलटं केलं. मला ते त्या काळापुरतं बरोबर वाटतं: पहिल्याच दिवशी न छापणारा प्रिंटर कोणी विकत घेतला नसता. पुढे मात्र तो ‘एव्हरीवन’ काढायची आठवण फारशी कोणाला होत नाही. ज्यांना होते ते कधी कधी त्याला काढण्याऐवजी त्याच्यापुढे मनाईची खूण करतात. मनाई परवानगीवर मात करते आणि ‘सगळे’मध्ये आपणही येतो, हे कळेपर्यंत संपूर्ण कार्यालयाची छपाई बंद पडलेली असते.

विद्यापीठांनी वेगळी वाट धरली. हजारो विद्यार्थ्यांना नावानिशी परवानगी देत बसण्यापेक्षा सगळ्यांना छापू द्या, पण पानं मोजा. अमुक पानांपर्यंत फुकट, पुढे पैसे. मेलबर्नच्या पेपरकटसारख्या कंपन्या अशाच गरजेवर वाढल्या. त्यातूनच पुढची पायरी आली: काम सर्व्हरवर थांबून राहतं आणि मालक यंत्रापाशी येऊन ओळखपत्र टेकवतो तेव्हाच कागद बाहेर पडतो. कागद कोण उचलतं या प्रश्नाला खिडकीतल्या ऑपरेटरनंतर मिळालेलं हे पहिलं समाधानकारक उत्तर, असं माझं मत आहे. रुग्णालयं, बँका आणि मनुष्यबळ विभाग यांनी यादीच्या आधी याचा विचार करावा. मात्र पहारेकऱ्यावरही पहारा लागतो. एप्रिल २०२३ मध्ये पेपरकटच्याच सर्व्हरमधली एक गंभीर त्रुटी हल्लेखोरांनी वापरायला सुरुवात केली. ज्यांनी वेळेवर अपडेट घेतला नव्हता त्यांचा पहारेकरीच चोरांना सामील झाला.

या सगळ्या पंथांची एक गफलत समान आहे. ते रांग राखतात, यंत्र राखत नाहीत. सर्व्हरवरच्या रांगेला कितीही कडक यादी लावली, तरी नेटवर्कवरचा प्रिंटर सहसा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर कोणाचंही काम थेट घेतो. नाव विचारत नाही, नोंदही धड ठेवत नाही. शिवाय हल्लीचे प्रिंटर वाय-फाय डायरेक्टने स्वतःचं वेगळं नेटवर्क पसरतात आणि जवळच्या मोबाइलला स्वतःहून दिसतात. वाड्याच्या दिंडीदरवाजाला अडसर आणि परसदार सताड उघडं, असा हा प्रकार. यंत्राने फक्त सर्व्हरचंच ऐकावं अशी व्यवस्था केल्याशिवाय परवानगीची कोणतीही यादी पुरी होत नाही. या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी.

परसदारातून काय येतं याचे दाखले जाहीर आहेत. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या प्रिंटरांमधून अचानक ज्यूद्वेषी पत्रकं बाहेर पडली. इंटरनेटवर उघडा राहिलेला तो ९१०० पोर्ट एवढंच त्यामागचं तंत्र. नोव्हेंबर २०१८ मध्ये जगभरच्या हजारो प्रिंटरांनी एका स्वीडिश यूट्यूबरचा प्रचार छापला, कारण आपल्याकडची टी-सीरीज त्याला मागे टाकायच्या बेतात होती आणि त्याच्या एका चाहत्याला ते सहन झालं नाही. यावर हसता येतं. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटवर नाही. इराणच्या अणुकार्यक्रमावर सोडलेला तो किडा एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरण्यासाठी जे मार्ग वापरत होता, त्यांत एक होता विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलरमधली त्रुटी, आणि तिला लागत होता शेअर केलेला प्रिंटर. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याच स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ सापडलं: साधं लॉगिन असलेला माणूस संपूर्ण सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर टाकण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवला. सप्टेंबरच्या अपडेटनंतर आणखी एका बदलामुळे ठिकठिकाणी शेअर केलेले प्रिंटर जोडले जाईनात आणि शेवटी ‘११बी’ असलेली एरर येऊ लागली. कित्येक ठिकाणी त्यावर उपाय म्हणून तो अपडेटच काढून टाकला गेला. कार्यालयाचं काम सुरू झालं आणि भोकही पुन्हा मोकळं झालं. आपल्या कार्यालयात तेव्हा काय केलं गेलं, हे वाचकाने एकदा विचारून घ्यावं.

महाराष्ट्रातली नेहमीची परिस्थिती या पाश्चात्त्य इतिहासापेक्षा साधी आणि म्हणूनच अवघड आहे. पतसंस्था, शाळा, वकिलाचं ऑफिस, नर्सिंग होम: आठ-दहा पीसी, सर्व्हर नाही, सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारं डोमेन नाही, एका लिपिकाच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला प्रिंटर आणि तोच सगळ्यांना शेअर केलेला. अशा जोडणीत प्रत्येक पीसीची खात्यांची यादी स्वतंत्र असते. पासवर्डची अट काढून टाकली की येणारा प्रत्येक जण प्रिंटरला ‘गेस्ट’ म्हणूनच दिसतो, आणि मग एकाला द्यायचं, दुसऱ्याला नाही, हे शक्यच राहत नाही. अट ठेवली तर प्रत्येकाचं खातं त्या लिपिकाच्या पीसीवर काढावं लागतं आणि पासवर्ड बदलला की दोन्हीकडे बदलावा लागतो. इंग्रजी पुस्तकं बहुधा डोमेन आहे असं धरूनच सुरू होतात. आम्ही तसं केलेलं नाही.

गरज मात्र इथे कमी नाही. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांमध्ये प्रश्नपत्रिका केंद्रावर ऑनलाइन येते आणि तिथेच छापली जाते. त्या तासाभरासाठी महाविद्यालयातल्या एका प्रिंटरवर कोण पोचू शकतं हा प्रश्न गोपनीयतेचा होतो, टोनरचा राहत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. कायदा डिजिटल माहितीचा आहे हे खरं, पण छापायला दिलेली फाइल रांगेत, सर्व्हरवर आणि मोठ्या मशीनच्या हार्डडिस्कवर डिजिटल रूपातच पडून असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. नोंदीचं मोल काय असतं ते २०१७ मध्ये अमेरिकेत दिसलं. तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा गोपनीय अहवाल फुटला तेव्हा तो कोणी कोणी छापला होता ते तपासण्यात आलं. सहा नावं निघाली आणि तपास तिथून पुढे सरकला.

आता उलट बाजू. प्रिंटर आवळला की काम थांबत नाही, ते रस्ता ओलांडून झेरॉक्सच्या दुकानात जातं. आधार कार्डाच्या प्रती, पगाराच्या स्लिपा, रुग्णांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवरून दुकानदाराच्या नंबरवर पाठवले जातात आणि त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये राहतात. तीन रुपयांचं पान वाचवायला घातलेलं बंधन कार्यालयाची माहिती बाजारात नेऊन ठेवतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. म्हणून खर्चासाठी मनाई वापरू नये, मोजणी वापरावी. मनाई राखून ठेवावी ती गोपनीय कागद, रंगीत मशीन आणि चेकसारख्या स्टेशनरीसाठी. हे मत या पुस्तकाच्या प्रत्येक भागात डोकावेल. ते पटलं नाही तरी तांत्रिक भाग उपयोगी पडेल अशी काळजी घेतली आहे.

पुस्तकाची रचना त्यामुळे थोडी उफराटी आहे. आधी कार्यालयातल्या माणसांची आणि कागदांची यादी, मग रांगा, मग यंत्र, आणि सिक्युरिटी टॅब त्यानंतर. विंडोजला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण कार्यालयांत तेच आहे. कप्सला त्याहून कमी, पण ओळख पटवण्याचा भाग तिथे सविस्तर आहे. मायक्रोसॉफ्टच्या युनिव्हर्सल प्रिंटसारख्या क्लाउड सेवा थोडक्यात घेतल्या आहेत. गूगलची क्लाउड प्रिंट सेवा २०२० अखेर बंद झाली. भाड्याच्या सोयीवर किती पानं खर्चायची याचा अंदाज आम्ही त्यावरून बांधला. मेनूंची चित्रं मुद्दाम टाळली आहेत, ती दर अपडेटला शिळी होतात. कागदावरचे छुपे पिवळे ठिपके, वॉटरमार्क, फाइलचं कूटलेखन हे विषय जवळचे असले तरी या पुस्तकाच्या कक्षेत नाहीत.

वाचकाकडून अपेक्षा एवढीच: पासवर्ड असलेलं लॉगिन आणि पोर्ट म्हणजे काय हे ढोबळपणे माहीत असावं. आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या प्रिंटरच्या मेनूतून त्याचं कॉन्फिगरेशनचं पान छापून घ्यावं. आयपी ॲड्रेस, चालू असलेले प्रोटोकॉल, वाय-फाय डायरेक्टची स्थिती हे सहसा त्यावर असतं. ते पान पुस्तकात ठेवा. पुढे वारंवार लागणार आहे.